वेलांटीचं मग बघू

थांबा, थांबा, ब्रश टेकवू नका. झालंय तेवढ्यावर थांबा. वाचा बघू. नाही, तुम्ही नका वाचू, मीच वाचतो. सायकलपट्ट. बरोबर. ट-खालचा ट छान बसलाय, लांबटही काढलाय ते बरं केलंत, रस्त्यावरचं अक्षर लांबटच हवं, नाहीतर लांबून येणाऱ्याला ते चेपलेलं दिसतं — हे मला इंजिनिअरनं सांगितलं, मला कुठून माहीत असणार, माझं आयुष्य कागदावरच्या अक्षरांत गेलं. पण पुढचं चिन्ह काढू नका. तेवढ्यासाठीच तर तुम्हाला माझ्याकडे पाठवलंय. काय सांगितलं तुम्हाला? बाकावर एक म्हातारा बसलेला असेल, त्याला विचारून मग शेवटचं काढ, असंच ना? म्हातारा म्हणाला की सर म्हणाला? असू दे, नका सांगू. बसा. डब्याला झाकण लावा, रंगावर साय धरेल. वाजवू देत हो हॉर्न त्यांना — चौक बंद आहे तोवर बंद आहे, दोरी बांधलीये, शंकू ठेवलेत, अजून काय करायचं?

तर प्रश्न एवढाच आहे की पट्टा की पट्टी. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चिन्हावरून काय एवढं. मीही असंच म्हणालो असतो — म्हणजे खरं सांगायचं तर मी तसं कधीच म्हणालो नसतो, माझं पोटच त्याच्यावर भरलं, शब्दकोशात काम करायचो मी, पण तुमच्या जागी असतो तर म्हणालो असतो. ऐका. पट्टा झाला तर सायकलींचा रस्ता रुंद होणार, आणि तो इथे सिग्नलला थांबणारच नाही. तो तिकडून वळणार, औषधाच्या दुकानाच्या मागून, झाडांच्या रांगेतून, थेट आमच्या इमारतीच्या मागच्या फाटकापर्यंत. आणि पट्टी झाली तर अरुंद होणार, इथे या बाकासमोर संपणार, सायकलवाल्यांनी उतरायचं, सिग्नलला थांबायचं आणि हातात सायकल धरून चालत पलीकडे जायचं. इंजिनिअरच्या टेबलावर दोन्ही नकाशे आहेत. चौकाच्या तोंडापर्यंत दोन्ही एकाच वाटेनं येतात, म्हणून अक्षरं तेवढी रंगवून घेतोय. शेवटच्या चिन्हाकडे बघून पुढचं खणायचं, असं ठरलंय. हसू नका. मी त्या सभेत होतो, तिथे कुणी हसलं नाही.

हे सुरू झालं ते चांगल्या हेतूनं. म्हणजे माझा हेतू चांगला होता असं मला वाटतं. इंजिनिअर घरी आला, म्हणाला, सर, फायलीत सायकल लेन लिहिलंय, आणि बोर्ड मराठीतच हवा असा नियम आहे, एक शब्द द्या. मी म्हटलं, लेन तसंही नकोच, आमच्या तळमजल्यावरच्या आजींनी ऐकलं तर विचारतील, कुणाचं लेणं, सोन्याचं का? मग तोच म्हणाला, मार्गिका. मार्गिका! मला तर वाटलं शाळेत हजेरी चाललीये — मार्गिका, हजर बाई. मग मी म्हटलं, वाट. पायवाट असते, गाडीवाट असते, तशी सायकलवाट. साधा शब्द, कुणाला अडणार नाही. तर तो हसायलाच लागला. म्हणाला, सर, आज बोर्ड लावला की उद्या अख्खा गाव म्हणणार, सायकलींची वाट लावली. आणि खरं होतं त्याचं. मला इतकं वाईट वाटलं सांगू — वाट हा शब्द आता लागण्याशिवाय दुसऱ्या कामाचाच राहिला नाही. बघण्याच्या कामाचा आहे, पण ते म्हाताऱ्यांचं काम. म्हणून मग मी म्हटलं, पट्टी. रंगाची पट्टी, कापडाची पट्टी, तशी रस्त्याची पट्टी. सायकलपट्टी. त्यानं लिहून घेतलं, चहा प्यायला, गेला. दोन दिवसांत बोर्ड लागला, तो बघा, त्या खांबावर होता, आता खिळेच उरलेत — 'या चौकात लवकरच सायकलपट्टी. नागरिकांनी सहकार्य करावे.'

तुम्ही काय वाचलंत? बघा. घरपट्टी, पाणीपट्टी, सायकलपट्टी. अख्ख्या गावानं तेच वाचलं. सायकलींवर कर. मी चाळीस वर्षं शब्दांचे अर्थ लावण्याचा पगार घेतला आणि मला पट्टी म्हटल्यावर कर आठवला नाही. आठवला नाही, म्हणजे — त्याकडे आपण येऊच, किंवा नको यायला. तर बोर्ड लागल्याबरोबर औषधवाला रस्त्यावर आला आणि त्यानं बोर्डाला हात जोडले. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं हे सायकलवाले फुकट फिरतात, दुकानापुढे आडव्या सायकली लावतात, आता कळेल. दुपारी त्याच्याकडे एक बाई आल्या आणि म्हणाल्या, सायकलपट्टी द्या, मुलाचा गुडघा फुटलाय. त्यानं दिली म्हणे एक, साधी चिकटपट्टीच, पण जास्त भाव लावून. आणि कचेरीत तर विचारू नका. एक गृहस्थ पट्टी भरायलाच आले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, अशी पट्टीच नाहीये. हे म्हणाले, बोर्ड वाचला मी, माझी एकही पट्टी आजवर थकलेली नाही, ही थकणार नाही. बसून राहिले. शेवटी कारकुनानं कंटाळून त्यांच्या नावावर पाणीपट्टी आगाऊ लावून घेतली आणि पावतीवर फक्त 'पट्टी' असं लिहिलं. ते घरी जाऊन पावती सायकलच्या दांड्याला बांधून आले. ते बघून दुसरे दहाजण आले. आणि मग ज्यांच्याकडे सायकल नाही ते आले. त्यांना माफी हवी होती. कारकून म्हणाला, सायकल नसल्याचा पुरावा आणा. आता नसलेली सायकल कशी आणणार? एकानं विचारलं तर म्हणाला, आम्ही घरी येऊन बघू. आणि गेला हो तो. जिन्याखाली वाकून बघितलं, गच्चीवर बघितलं, आणि सही करून दिली की सायकल आढळली नाही. त्या घरात लोक अजून बेचैन आहेत, म्हणतात, आपली सायकल गेली कुठे?

काय म्हणालात? — नाही, माझ्याकडे सायकल नाही. मला येतच नाही. आमच्या हिच्याकडे आहे. मुलगी सासरी गेली, तिची सायकल जिन्याखाली पडून होती, निवृत्त झाल्यावर ही एक दिवस म्हणाली, मी शिकते. भूगोल शिकवायची शाळेत. मी म्हटलं, या वयात पडलीस म्हणजे? तर म्हणाली, तर पृथ्वीवरच पडेन ना. शिकली. आता रोज सकाळी उशिरा पोहायला जाते, दुपारी येते, केस ओले, टॉवेल मागे बांधलेला. आणि या सगळ्या सायकलवाल्यांची पुढारी तीच. हो, हीच ती. सगळे तिला काकू म्हणतात. दोन वर्षं ती कचेरीत खेपा घालत होती की चौकात सायकलींना वेगळी जागा द्या, रोज कुणी ना कुणी इथे आपटतो. आणि ती मिळायच्या वेळी तिच्याच नवऱ्यानं त्याला करासारखं नाव दिलं. त्या दिवशी घरी आली, सायकल लावली, भाजी निवडायला बसली आणि म्हणाली, तुम्हाला हा दुसरा अर्थ खरंच माहीत नव्हता? मी म्हटलं, घाईत सुचलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला घाईत? मीठ घालू की नको यावर तुम्ही अर्धा तास विचार करता.

असो. मग दुरुस्ती निघाली. पट्टी नव्हे, पट्टा. आता गाडीवाले खवळले. का? कारण पट्टा मोठा. मराठीत आकारान्त झालं की वस्तू मोठी, ईकारान्त झालं की लहान — गाडा, गाडी, सुरा, सुरी, पट्टा म्हणजे ऐसपैस, पट्टी म्हणजे बारीक. औषधवाला सभेत उभा राहिला आणि म्हणाला, गोळा आणि गोळी यांतला फरक मला शिकवू नका, मी जन्मभर गोळ्या विकतोय, गोळा कुणाच्या घशाखाली उतरत नाही. टाळ्या पडल्या. मी हात वर करून म्हटलं, नेहमीच असं नसतं, दोरा बारीक असतो आणि दोरी जाड. मला राहवलं नाही, चूक होती ती, वेळ चुकली. पण झालं, सायकलवाल्यांनी तेवढंच धरलं. म्हणाले, बघा, सर म्हणतात पट्टा बारीकच असतो, द्या आम्हाला पट्टा. गाडीवाले म्हणाले, मग पट्टी जाड झाली की, ती तर नकोच. मग दोघांच्या लक्षात आलं की आपण बाजू बदलल्या, आणि सगळे माझ्याकडे रागानं बघायला लागले. माझी बायको पहिल्या रांगेत. ती रागानं बघत नव्हती. ती नुसतीच बघत होती, ते जास्त वाईट.

तेव्हा अध्यक्ष म्हणाले, सर, तुम्हीच ठरावाचं वाक्य करून द्या, दोन्ही बाजूंना चालेल असं. मी बसलो, केलं. 'चौकातील सायकलपट्ट्यांचे काम तातडीने सुरू करावे.' वाचून दाखवलं. एकमतानं मंजूर. सगळे उठून उभे राहिले, औषधवाल्यानं सायकलवाल्यांना मिठी मारली, मला पुष्पगुच्छ दिला. तुमच्या लक्षात आलं का? पट्ट्यांचे. पट्टा, त्याचं अनेकवचन पट्टे, पट्ट्यांचे. पट्टी, तिचं अनेकवचन पट्ट्या, पट्ट्यांचे. दोन्ही तिथेच येतात. ज्याला जे हवं ते त्यानं ऐकलं. घरी जाईपर्यंत गाव खूश होता. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर नकाशे घेऊन बसला आणि त्याला घाम फुटला, तेव्हा कळलं. आता म्हणतात, वाक्य सरांचं, तर अर्थही सरांनीच सांगावा. म्हणून तुम्ही आलात.

— आलो, आलो, ओरडू नका. ऐकलंत? आजोबा म्हणतोय. पांढऱ्या गाडीतला. आजोबा काय आजोबा, रंग ओला आहे, दिसत नाही का? — तुम्हीपण जरा ब्रश हलवून दाखवा, म्हणजे काम चालू आहे असं वाटेल.

मुद्दाम केलं का? तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या भुवईनं विचारलं. तिनंही तेच विचारलं, सभेतून घरी चालत येताना, सायकल हातात धरून. म्हणाली, तुम्ही मुद्दाम केलंत. प्रश्न नव्हता तो. आणि मी प्रामाणिकपणे सांगतो पेंटर, मला माहीत नाही. मी रात्रंदिवस स्वतःला विचारतोय. पट्ट्यांचे लिहिताना मला दोन्ही पट्ट्या दिसल्या होत्या का? — म्हणजे दोन्ही पट्टे — बघा, मलाच कळत नाही मी काय म्हणतोय. सामान्यरूप न कळणारा मी माणूस नव्हे. पण कळत असताना न कळणारा असू शकेन. असतात अशी माणसं. पहिल्यांदा पट्टी म्हणालो तेव्हा तरी? एक सांगतो, इंजिनिअर नकाशा पसरून बसला होता, आणि मी शब्दाचा विचार करत होतो असं त्याला वाटत होतं, आणि मी बघत होतो त्या वळणाकडे. औषधाच्या दुकानाच्या मागून. झाडांच्या रांगेतून. मागच्या फाटकापर्यंत.

तो दुसरा मजला दिसतोय? पांढरा सदरा वाळत घातलाय तो आमचा. त्याच्या शेजारी खुर्ची. दुपारी मी तिथे बसतो. वाचत बसतो, म्हणजे पुस्तक असतं. ती पोहून येते, सिग्नल बहुतेक लाल असतो, मग ती इथे, तुमचा डबा आहे ना, बरोबर तिथे थांबते. एक पाय या दगडावर टेकते, मान वर करते आणि एकदा घंटी वाजवते. एकदाच. मग मी आत जातो आणि चहाचं आधण ठेवतो. ती वर येईपर्यंत उकळी फुटते. बस, एवढंच आहे. याच्यात काही नाही. घरात आम्ही बोलतो, सगळं बोलतो, भाजी काय आणायची, मुलीचा फोन आला होता का, नळ गळतोय. पण ती घंटी — मी कधी तिला सांगितलं नाही की मी खुर्चीत त्यासाठी बसतो. तिला वाटतं मी वाचतो. आणि सिग्नल हिरवा असला तर मला आवडत नाही, ती न थांबता जाते, मी दिवसभर किरकिर करतो, तिला वाटतं गुडघा दुखतोय. आता विचार करा, पट्टा झाला तर रोजच हिरवा. कायमचा हिरवा. ती मागच्या फाटकानं येणार, झाडांआडून, थेट दारात उभी. सुखरूप. कुणी आपटणार नाही. रस्ता चांगलाच आहे तो, मीच सांगतो. आणि मी खुर्चीत बसून समोरच्या गाड्या बघणार.

म्हणजे एका घंटीसाठी मी अख्ख्या गावाचं— नाही, तसं म्हणू नका. तुम्ही म्हणाला नाहीत, मान्य आहे. तसं मीच म्हणतोय.

आणि गंमत अशी की सभेपासून ती घंटी वाजवतच नाही. येते, थांबते, पाय टेकते, समोर बघते. वर नाही. चहा मी अंदाजानं ठेवतो, कधी उकळून कडू होतो, कधी ती आली तरी पाणी कोमट. पितो आम्ही. ज्याच्यासाठी हे केलं — केलं असेल तर — तेच गेलं, आणि थांबणं मात्र राहिलं. माझ्या हातात आता नुसती सायकलची पट्टी आहे, शेवटी संपणारी.

हां, वाजू दे, इंजिनिअरचाच फोन असेल. नका उचलू. काय सांगणार, सर अजून बोलतायत? बरं असं करा, काना काढा. हो, काना. घाबरू नका, त्यानं काही ठरत नाही. पट्टा लिहायचा तरी काना लागतो, आणि पट्टी लिहायची तरी काना लागतोच, दुसऱ्या वेलांटीला उभी रेघ आहेच की, वरून फक्त छत्री घालायची. बघा, केवढी सोय करून ठेवलीये भाषेनं. सरळ काढा, वरून खाली, एका दमात. तेवढा वेळ मला मिळेल. वेलांटीचं मग बघू.

वा. सरळ आलाय हो. हात स्थिर आहे तुमचा. माझा नाही राहत आता, सही केली तरी बँकेत दोनदा विचारतात. पाय चार बोटं मागे घ्या, ओल्यात पडेल. — किती वाजले? नको, सांगू नका, सावली दिसतेय. ती आता तलावावरून निघाली असेल. आज तिला चौक बंद मिळेल, दोरी दिसेल, मी बाकावर दिसेन, तुमच्याशी बोलत. वाटेल तिला, आले असतील वेलांटी घालून घ्यायला. ती तेच म्हणेल. म्हणणार नाही, पण म्हणेल.

तुम्ही काय कराल हो माझ्या जागी? तुमचीही कुणी येत असेल ना संध्याकाळी, किंवा तुम्ही जात असाल कुणाकडे. बघा, मी विचारलंच नाही, माझंच दळण दळत बसलो. — अच्छा. — अच्छा, असं. बरं.

— ती बघा. त्या वळणावर. टॉवेल दिसला? लाल. तीच. वळली इकडे. सावकाश येतेय, तिला गर्दी दिसली. त्या पांढऱ्या गाडीच्या बाजूनं येतेय, जपून ये गं — ऐकू नाही जाणार तिला. रोज अशीच येते, गाड्यांच्या मधून, इतकीशी जागा असते, वरून मला ते दिसत नाही, वरून मला फक्त थांबलेली दिसते. इथून दिसतंय. इथून सगळंच दिसतंय.

अहो, तो ब्रश धुवा. धुवा म्हणतो ना. वेलांटी नको. काना आहे तेवढा बस, पट्टा. सांगा इंजिनिअरला, सर म्हणाले पट्टा, आणि दुसरा नकाशा गुंडाळून ठेव. औषधवाला ओरडला तर माझ्याकडे पाठवा, मी त्याला दोरा आणि दोरी पुन्हा समजावीन. नाही, नक्की. विचारू नका दोनदा, मी बदलेन. डबा उचला, पण दोरी राहू द्या — रंग ओला आहे तोवर तिला इथे थांबावंच लागेल, वाळायला किती लागतो? नको, सांगू नका.

आली. पाय टेकला. आता तुम्ही जरा गप्प बसा हो, मघापासून नुसती बडबड चाललीये. घंटी ऐकू द्या.